चुकीच्या औषधाच्या बाई

इंदूताई गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. यवतमाळहून राळेगावला येणारी सकाळची गाडी आमच्या शाळेपुढे थांबते आणि पत्र यायच्या आधी बातमी त्याच्या तोंडून उतरते. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी बाभुळगावच्या त्या ढोरायच्या लॅबोरेटरीत होत्या ना? तिथली डॉक्टरीण गेली म्हन्ते. तेच ते जी, चुकीच्या औषधाची बाई." एवढं बोलून त्यानं घंटी मारली. गाडी धूळ उडवत पुढे निघाली आणि मी हातात खडू धरून फाटकातच उभी राहिले. आधी आला तो राग. माझा स्वभावच तसा आहे, राग धावत येतो आणि रडू मागून लंगडत येतं. इंदूताईंच्या नावाला हे शेपूट इतकी वर्षं चिकटलेलं होतं. बाभुळगाव-कळंब भागात आजही कुणालाही विचारा, तो सांगेल की त्या बाईनं प्रयोगशाळेसाठी भलतंच जंतुनाशक निवडलं आणि त्यात किसन शिपाई मेला. ते खरं नाही. खरं काय, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण ‘कुठं बोलणार नाहीस’ असा शब्द इंदूताईंनी माझ्याकडून घेतला होता. आज तो मोडते आहे. तो मोडायची परवानगी मला कुणी दिली, ते शेवटी सांगते.

मध्य प्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो त्या सुमाराची ही गोष्ट. राज्य बदललं, शिक्के बदलले, आमची प्रयोगशाळा मात्र होती तिथेच, बाभुळगावच्या बाहेर नाल्याच्या अलीकडे. जुनी, मातीच्या भिंतींची इमारत. दोन खोल्या आणि एक पडवी. गुरांच्या फाशी या रोगावर तिथं काम चाले. या रोगानं चांगला धडधाकट बैल सकाळी वैरण खातो आणि दुपारी आडवा होतो. नाकातून काळं रक्त येतं, ते गोठत नाही. असं जनावर कापायचं नसतं. रक्त उघड्यावर सांडलं की रोग मातीत उतरतो. म्हणून फक्त कानाचा तुकडा कापून डबीत घालून तपासायला पाठवायचा. इतर कचेऱ्यांत कागद येतात, आमच्याकडे कान यायचे. मी मॅट्रिक होऊन तिथं टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिले काही दिवस मला जेवण गेलं नाही. एकदा एका तांड्याचा म्हातारा नाईक आपल्या बैलाचा कान घेऊन आला. डबी टेबलावर ठेवली, पण जाईना. दारातच बसून राहिला. मग म्हणाला, "कान तुमच्यापाशी राह्यला तं त्याले माही हाक कशी ऐकू येईन, बाई?" मी डबीवर नंबर टाकायला घेतला. इंदूताई मात्र त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी त्या बैलाचं नाव विचारलं.

इंदूताई नागपूरच्या. जंतुशास्त्र शिकलेल्या, पण डॉक्टर नव्हत्या. गावानं त्यांना डॉक्टरीण करून टाकलं आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. लग्न केलं नव्हतं. स्वयंपाक इतका वाईट की त्यांच्या घरी जेवायला बोलावणं आलं तर मी आधी घरून जेवून जात असे. सायकल शिकायच्या हट्टापायी दोनदा नाल्यात पडल्या, तरी हट्ट सोडला नाही. कौतुकाच्या बाबतीत पक्क्या चिक्कू. मी निर्दोष टाइप केलेला कागद वाचून ‘हं’ म्हणत, तेच आमचं पदक. पण जंतूंशी फार अदबीनं बोलायच्या. काचेच्या चपट्या डब्यांत मांसाच्या रशाची जेली असे. त्यात जंतू पेरून उबेत ठेवलं की दुसऱ्या दिवशी ते उगवत. झाकण उचलताना त्या म्हणायच्या, "आलात का पाहुणे?" फाशीचे पाहुणे ओळखायला सोपे होते. जेलीवर पांढुरके, विस्कटलेल्या केसांसारखे गुंते उठत. बाईमाणसानं न्हाऊन केस मोकळे सोडावेत, तसे. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा नकळत माझा हात स्वतःच्या अंबाड्याकडे गेला होता.

किसन आमचा शिपाई. झुबकेदार मिशा, मोठा आवाज आणि फिनेलवर अपार श्रद्धा. बादलीत फिनेल ओतलं आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं की त्याचा चेहरा खुलायचा. "वास आला का समजा, किडा मेला," हे त्याचं शास्त्र, आणि आमच्या साहेबांचंही तेच. साहेब महिन्यातून एकदा तपासणीला येत, दारातच नाक वर करत आणि वास आला की समाधानानं आत शिरत. किसनची बायको यशोदा. ती नोकरीला नव्हती, पण दर शनिवारी येऊन पडवी सारवायची आणि भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. "मेलेल्या ढोरायचं घर हाय, पांढरं नको का दिसाले?" असं म्हणून हसायची. खरंच, तिच्या हातानं त्या जुनाट भिंती सोमवारी सकाळी उजळून निघत.

इंदूताईंना संशय आला तो टेबलामुळे. रोज फिनेलनं पुसलेल्या टेबलावर त्यांनी ओला बोळा फिरवला, तो जेलीवर टेकवला आणि दुसऱ्या दिवशी डबीत केस. मग दाराच्या कडीवरून घेतला, तिथेही केस. त्यांच्या खुर्चीच्या हातावरून, तिथेही. मी बसत होते त्या कोपऱ्यातून घेतलेला बोळा बघायचं मात्र मी टाळलं. त्यांनी मला समजावून सांगितलं: हा जंतू धोका दिसला की स्वतःभोवती कवच करून झोपतो. झोपेत तो मातीत पिढ्यान् पिढ्या पडून राहू शकतो. फिनेल जाग्या जंतूला मारतं, झोपलेल्याला नाही. "आपण रोज झोपलेल्यांना अंघोळ घालतोय," त्या म्हणाल्या. मग योग्य औषध निवडायचं काम सुरू झालं. माझ्या आईच्या फाटक्या रेशमी लुगड्याचे धागे काढून त्यांनी ते जंतूंत भिजवले, वाळवले आणि एकेक धागा एकेका औषधात बुडवून मग जेलीवर ठेवला. फिनेल, स्पिरिट, कार्बोलिक... सगळ्यांत केस उगवले. हिरवा धागा, निळा धागा आणि त्याला फुटलेले पांढरे केस. ते धागे आईच्या पदराचे होते, हे मी घरी सांगितलं नाही. ताज्या ब्लीचिंग पावडरीत आणि फॉर्मलिनमध्ये बुडवलेले धागे तेवढे कोरे राहिले.

पण कोरा धागा म्हणजे कोरी खोली नव्हे, हे इंदूताईंचं पालुपद. ब्लीचिंग पावडर आमच्या वैशाखातल्या उन्हात डब्यातच दम सोडते, लोखंड खाते आणि शेणमातीशी गाठ पडली की तिचं सगळं बळ तिथेच खर्च होतं. फॉर्मलिनची वाफ कोपऱ्याकोपऱ्यांत पोचते, पण खोली बंद हवी, दमट हवी आणि माणसाच्या डोळ्यांना ती सोसत नाही. शेवटी त्यांनी ठरवलं: टेबलं आणि फरशी रोज ताज्या ब्लीचिंगनं पुसायची आणि खोल्यांना फॉर्मलिनची धुरी द्यायची. साहेबांना ते पसंत नव्हतं. फिनेलसारखा विश्वासाचा वास सोडून ही भानगड कशाला, असं त्यांचं म्हणणं. इंदूताई हटल्या नाहीत. नागपूरहून औषधं आली. फटींवर खळीनं कागद चिकटवून खोल्या बंद केल्या, धुरी दिली. खोल्या उघडल्यावर घेतलेले सगळे बोळे कोरे निघाले. त्या दिवशी आम्ही पडवीत बसून भजी खाल्ली आणि इंदूताई चक्क ‘छान’ म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी टेबलावर पुन्हा केस होते.

पुन्हा धुरी दिली. पुन्हा कोरं. आणि सोमवार उजाडला की पुन्हा ते. आता ते भिंतीलगत जास्त येत होते, जणू भिंतीतूनच बाहेर पडत होते. इंदूताई बोलेनाशा झाल्या. काम करता करता थांबायच्या आणि भिंतीकडे बघत राहायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं. ही खोली आपलं ऐकून घेते आणि मग स्वतःचंच करते, असं वाटतं." दुपारच्या शांततेत भिंतीवरून पांढऱ्या मातीचा एखादा पापुद्रा सुटून फरशीवर पडायचा. त्याचा आवाज तो केवढासा, पण आम्ही दोघी दचकत असू. गावात बोलणं सुरू झालं की मेलेली गुरं आपले कान शोधत येतात, भिंतींना अंग घासतात. किसन ते ऐकून हसायचा, पण नंतर नंतर तोही दुपारी आत झोपेना. आधी त्याच भिंतीला पाठ लावून तो रोज डुलकी काढायचा... मानेवर पांढरी माती घेऊन उठायचा आणि आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो.

त्याच मानेवर त्याला पुळी आली. दाढी करताना कापलं होतं, त्या जागी. पुळी काळी पडली, पण दुखत नव्हती. आणि न दुखणाऱ्या गोष्टीची आपल्याकडे कोण काळजी करतो? त्यानं गळ्याला दुपट्टा गुंडाळला आणि मुकाट्यानं पुळीला फिनेल लावत राहिला. इंदूताईंनी दुपट्टा ओढून पाहिला तेव्हा मान हनुवटीपर्यंत सुजली होती. "काळपुळी," एवढंच त्या म्हणाल्या, माणसाला झालेल्या फाशीचं नाव, आणि स्वतः बैलगाडी आणायला धावल्या. यवतमाळच्या दवाखान्यात पेनिसिलिन दिलं, पण विष आधीच अंगात भिनलं होतं. वाटेत गाडीत किसन मला म्हणाला होता, "बाईले सांगजा, दवाई रोज लावली मी. नागा नाही केला." फिनेलबद्दल बोलत होता बिचारा.

मढं घरी आणलं आणि तिथूनच नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि इंदूताई त्याच्या घरी गेलो. मढं ठेवलेली जागा सारवून, पोतारून तिथं पीठ पसरलं होतं, शेजारी दिवा आणि वर टोपलं झाकलेलं. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण त्या पिठात उमटते असं आमच्याकडे मानतात. घरातल्या एका म्हातारीनं टोपलं उचललं तसं सगळ्या बायका वाकल्या. पिठावर बारीक तिकटीसारखी रेघ होती. "पाखराच्या जन्माले गेला," कुणीतरी म्हणालं आणि यशोदानं हंबरडा फोडला. मला मात्र आमच्या काचेच्या डब्या आठवल्या. तेच झाकण, तेच सकाळी वाकून बघणं. इंदूताई पिठाकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या पिठाभोवतीच्या जमिनीकडे, तिच्या पांढऱ्याशुभ्र रंगाकडे. मग यशोदाजवळ बसून त्यांनी अगदी हळू विचारलं, "यशोदा, ही माती कुठून आणतेस गं?"

"नाल्यापलीकडून जी," ती डोळे पुसत म्हणाली. "तो खड्डा नाही का, ढोरं पुरतात तो. तिथची माती कशी चुन्यावानी पांढरी, लोन्यावानी मऊ. खनाचंही काम नाही. हापिसातही तेच तं लावतो मी, शनवारी. त्या दवाईच्या वासानं खोली रडवते, म्हून आता दोन हात जास्त देतो."

नाल्यापलीकडचा खड्डा म्हणजे फाशीनं मेलेली गुरं पुरायची जागा. पुरताना त्यावर चुना टाकत, म्हणून माती पांढरी झालेली, आणि ताजी उकरलेली म्हणून मऊ. आमच्या भागातल्या कुठल्याही टापटिपीच्या बाईनं ती उचलली असती. आम्ही शुक्रवारी खोली स्वच्छ करत होतो आणि शनिवारी ती मायेनं भिंतींना रोग लावून जात होती. इंदूताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठल्या. उठताना जमिनीवरून नखात खरवडून घेतलेली चिमूटभर माती त्यांनी जेलीवर टाकली. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं तर डबीत केसांखेरीज जागाच नव्हती. त्या दिवशी त्या पाहुण्यांशी बोलल्या नाहीत.

साहेब चौकशीला आले. मी टाइपरायटरवर बसले होते. साहेबांनी विचारलं, शिपायाला हा रोग प्रयोगशाळेत कसा झाला? इंदूताई म्हणाल्या, "जंतुनाशक निवडायचं काम माझं होतं. निवड चुकली." माझी बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टाइप कर." मी केलं. बाहेर आल्यावर मात्र मी त्यांच्याशी भांडले, इतकं की पडवीतली चिमणी उडाली. खोटं कशाला बोललात म्हणून विचारलं. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "अगदी खोटं नाही. धागे तपासले, भिंत कोण कशानं पोतारतं ते विचारलं नाही. आणि हे बघ, तिला दोन लहान पोरं आहेत. ज्या हातांनी माती आणली, त्याच हातांनी तिला त्यांना भाकर थापून घालायची आहे. एकदा कळलं तर ती त्या हातांकडे कशी बघेल?" मग म्हणाल्या, "शब्द दे." मी दिला. रागारागानं दिला, पण दिला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. रीतिरिवाजांना हसणाऱ्या या बाईनं एक रीत स्वतःच तयार केली. यशोदाला सांगितलं की काळपुळीनं माणूस गेलेल्या घरात वर्षभर शेणमातीचा हात फिरवायचा नसतो, मढ्याखालची माती काढून टाकायची असते आणि जमीन या ब्लीचिंगच्या औषधानंच पुसायची असते, तरच गेलेल्याला गती मिळते. इतक्या गंभीरपणे सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. माती त्यांनी स्वतः ओली करून खरवडून काढली, प्रयोगशाळेच्या भिंतींचीही काढली. खड्ड्याभोवती तारेचं कुंपण घालून घेतलं. यशोदाच्या पोरांच्या अंगावर पुरळ उठलं तरी ह्या धावत जायच्या. पुढे प्रयोगशाळा बंद झाली, मी शाळेत लागले, अधूनमधून पेपरात लिहू लागले आणि इंदूताईंची बदली यवतमाळला भांडार सांभाळायला झाली. भांडारात होतं काय, तर फिनेल. त्यांचं संशोधन तिथंच संपलं. मी त्यावर विचारलं की त्या सायकलचा विषय काढायच्या.

एक सवय मात्र त्यांना तेव्हापासून लागली. रोज संध्याकाळी हाताची पाच बोटं जेलीच्या डबीत टेकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायच्या. यवतमाळच्या उष्म्यात उबेच्या पेटीची गरज नव्हती. खिडकीत ठेवलं की पुरे. मी भेटायला गेले की आधी खिडकीकडे बघायची. तिथं डबी असायची आणि डबीत पाच ठिपक्यांचा एक हात. अंगावर असतात तेच साधे जंतू, पिवळे-पांढरे. "केस नाहीत," त्या म्हणायच्या आणि मग चहा टाकायच्या. कधीकधी मला वाटायचं, त्या केस उगवायची वाटच बघताहेत.

त्या झोपेतच गेल्या. कंडक्टरनं सांगितल्यावर मी रजा टाकली, बाभुळगावला उतरून यशोदाला सोबत घेतलं आणि दोघी यवतमाळला पोचलो. नागपूरचे भाऊ अंत्यविधी उरकून अस्थी घेऊन गेले होते. शेजारणीनं कुलूप उघडलं. खिडकीत डबी होती. मी झाकण उचललं... पाच बोटं छान उगवली होती, आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा मोठी, एकमेकांत मिसळलेली. हात जळून गेला होता आणि इथं त्याची बोटं वाढत होती. मी झाकण परत ठेवलं. ती डबी धुवायला माझा हात धजला नाही. अजूनही धजलेला नाही; ती माझ्या कपाटात आहे आणि कपाट मी उघडत नाही.

शेजारणी शेणाचं घमेलं घेऊन आल्या. फरशी असली तरी मढं ठेवलेल्या जागी शेणाचा हात फिरवायचा, ही रीत. यशोदा दारात आडवी आली. "शेन नका लावू. बाईले चालत नोतं." मोरीच्या कोपऱ्यातला ब्लीचिंगचा डबा तिनं बरोबर शोधून काढला, पाण्यात पावडर कालवली आणि भिंतीकडून दाराकडे, मागं मागं सरकत फरशी पुसू लागली. डोळ्यांत चुरचुर झाली. शेजारणी तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मी म्हटलं, "यशोदा, ती रीत फक्त काळपुळीच्या घराची होती ना?"

तिनं मान वर केली नाही. "अशी रीतच नाही जी. बाईनं सांगतलं तवाच मी गावातल्या म्हाताऱ्यायले विचारलं. कोनीच आयकली नोती. मंग मी माती आनाले गेलतो, तं खड्ड्याले तार लागली होती. तिथंच बसलो मी... तवाच समजलं."

मी बादली तिच्याजवळ सरकवली. मग म्हटलं, "मग इतक्या वर्षांत बाईंना काहून नाही बोलली?"

"काय बोलू? मले समजू नये म्हून तिनं आपलं नाव घालवलं. मले मालूम हाय असं समजलं असतं तं तिचं गेलेलं नाव फुकटच गेलं असतं ना." तिनं फडकं पिळलं. "तिच्यापायी मी पोरायसाठी भाकरी थापत राह्यलो. हात तोडून टाकावा वाटे, पन थापल्या. मोठी झाली पोरं माझ्या हातचं खाऊन." दारापर्यंत पुसून झालं होतं. ती उंबऱ्याबाहेर आली आणि ओल्या, रिकाम्या खोलीकडे बघत उभी राहिली. तिथूनच तिनं विचारलं, "तुमी पेपरात लिहिता ना, मास्तरीणबाई?"

मी हो म्हटलं.

"मंग लिहा. बाईचं औषध चुकलं नोतं. माती किसनच्या यशोदीनं आनली होती. अन् माझं नाव टाकजा, लपवजा नोका."

तिनं सांगितलं तसं नाव टाकलं आहे.